नीट म्हणा, आईसारखं

मद्रासची लोकल तिरुमयिलै स्टेशनातून सुटली आणि गिरिधरचा फोन वाजला. ऊर्मी होती. शाळेतून घरी पोचून, कुलूप उघडून ती आत आलेली असणार, आणि आता स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी असणार, फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून. हे त्याला न बघताही दिसत होतं. "बाबा, कुलपाला हात लागला. मग तोच हात चष्म्याला. काही होणार नाही ना?" समोरच्या बाकावर एक बाई मांडीवरच्या पिशवीतून मोगऱ्याची फुलं काढून ओवत होती. गिरिधर दाराकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "कांही होत नाही गे. मी आहें की." मग ती म्हणाली, "'की' आखूड झालं. पुन्हा. नीट म्हणा, आईसारखं." त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटचा 'की' लांबवला, थोडा वर नेला आणि खाली सोडून दिला, पाळण्याची दोरी सोडावी तसा. "सरि," ठीक, असं ती तमिळमध्ये म्हणाली आणि फोन बंद झाला. तो जागेवर येऊन बसला, तेव्हा शेजारचे पांढरी वेष्टी, इकडचं धोतर, नेसलेले म्हातारे गृहस्थ त्याच्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "तंजावूरचे की तुमी?" त्यांनी विचारलं. नाही, म्हणाला, मी बार्शीचा, सोलापूरकडचा. "मग हें बोलणं कुठलं? आमची अम्मा गेली त्याउपर असं कोणी बोललेलं ऐकलं नाही मी." माझ्या बायकोचं, गिरिधर म्हणाला, तिचं माहेर मैलापूरचं. म्हाताऱ्यांना आनंद झाला. कोणत्या घरची, मैलापूरला कुठे, असं विचारत विचारत ते उठले, कारण मंदवेळी स्टेशन आलं होतं. दाराशी दांडा धरून त्यांनी मागे वळून विचारलं, "बऱ्या आहेत की त्या?" आणि गिरिधर म्हणाला, "हो. बरी आहे."

गाडी पुढे गेली. त्याची बायको वाणी जाऊन आता दुसरा पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, येत होता. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून असं कधी गेलं नव्हतं. ओळखीच्या, बिनओळखीच्या, बँकेतल्या, गॅसच्या एजन्सीतल्या माणसांना त्यानं सांगितलं होतं, ती नाही, वारली, आणि ते सांगताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आज ती खोटं बोलतानाही अडखळली नाही. आणि विशेष हे की ते खोटं आहे असं त्याला तिरुवान्मियूरला घराजवळच्या स्टेशनाचा जिना उतरेपर्यंत वाटलंच नाही. आपण नुकतेच तिच्याशी बोललो, तिचा आवाज ऐकला, ती बरी आहे. आवाज कुणाचा होता? त्याचाच. पण बाहेर पडताना तो त्याचा राहत नव्हता. स्टेशनाबाहेर रिक्षावाले हाका मारत होते, समुद्राकडून दमट वारा येत होता, आणि तो उभ्याउभ्या ओठ न हलवता पुन्हा एकदा म्हणून बघत होता. कांही होत नाही गे.

लग्नाआधी हीच बोली ऐकून तो हसला होता. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी स्थळ सुचवलं होतं, तंजावरकडची मंडळी, कितीतरी पिढ्या इकडेच, पण घरात मराठी बोलतात. तो चोविसाव्या वर्षी रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागून इथे आलेला, खोलीवर सांबार-भात खाऊन कंटाळलेला. मुलगी बघायला गेला, तर मुलगी म्हणाली, "तुमी कधीं आलांत मद्रासेस?" आणि त्याला हसू आवरेना. एखाद्या जुन्या बखरीतलं पान उठून बोलायला लागल्यासारखं. वाणी रागावली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, "तुमचं मराठी ऐकलें की भांडण चाललेंसें वाटतें." लग्न झालं. मग बरीच वर्षं तो तिला चिडवत राहिला आणि ती त्याला. ऊर्मी झाली. ती त्याच्याशी त्याचं मराठी बोलायची, आईशी आईचं, खाली मुलांत तमिळ, शाळेत इंग्रजी. कुणाशी काय बोलायचं हे तिला कधी शिकवावं लागलं नाही. तिचं तसंच होतं, न शिकवता तिला सगळं येई. म्हणून हात धुणंही तिला न शिकवता आलं, असंच सगळ्यांना वाटलं.

मैलापूरला सासूबाईंच्या घरी सोवळं असे. त्या त्याला मडी म्हणत. भाताच्या भांड्याला हात लागला की हात धुतल्याशिवाय ताकाला शिवायचं नाही, लोणच्याला तर नाहीच. वाणी हे सगळं माहेरी पाळायची आणि तिरुवान्मियूरला आली की सोडून द्यायची, जिन्यात चप्पल सोडावी तसं. ऊर्मी आठ-नऊ वर्षांची असताना सुट्टीत तिथे राहिली आणि परत आल्यावरही भाताला हात लागला की धुवायची. मग मिठाला लागला की. मग दप्तराला, दाराच्या कडीला. जयवंतीबाई, म्हणजे सासूबाई, हरखून गेल्या. सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या, आजकालच्या पोरींत बघा, कोणी सांगितलें नाही, रक्तांतच आहे. त्यांनी तिला हात धुवायला स्वतःचा वेगळा पितळी तांब्या दिला. त्यावर तिचं नाव घालून आणलं. गिरिधरला तो दिवस आठवतो. ऊर्मी तो तांब्या दोन्ही हातांनी धरून उभी होती, तोंडावर बक्षीस मिळाल्याचं काहीच नव्हतं, आणि ती आजीला, तिच्या पाटीला, विचारत होती, "पाटी, ह्या तांब्यालाच कुणी शिवलं तर?" सगळे हसले होते. केवढी हुशार पोर. तोही हसला होता.

वाणीला आधी कळलं. ऊर्मीच्या बोटांच्या सांध्यांवर कातडी फुटलेली तिनं पाहिली आणि त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी तिचे हात मांडीवर घेऊन खोबरेल लावायची. तेव्हा पहिल्यांदा तो प्रश्न आला. आई, काही होणार नाही ना? काय होणार आहे, असं वाणीनं विचारलं असेल, पण ते ऊर्मीला सांगता येत नसे. काहीतरी. कुणालातरी. तिनं नीट धुतलं नाही म्हणून. मग वाणी म्हणायची, कांही होत नाही गे, मी आहें की. आणि ऊर्मीचे खांदे खाली यायचे. गिरिधर पेपर वाचत तिथेच बसलेला असे. त्याला त्यात आजार दिसला नाही, आई आणि मुलगी दिसल्या. आजही ते आठवताना त्याला तेच दिसतं. ऊर्मीच्या डॉक्टर काहीही म्हणोत, खोबरेलाचा वास आणि त्या दोघींची डोकी जवळजवळ, हे चूक होतं असं तो मनाला समजावू शकत नाही.

त्या सकाळी व्हॅनवाला खाली हॉर्न वाजवत होता. वेणी घट्ट झाली म्हणून ऊर्मी वाणीवर चिडली होती. ती रोजचा प्रश्न न विचारताच शाळेला निघून गेली. वाणी शोळिंगनल्लूरला एका कंपनीत पगाराचं काम बघायची, बसनं जायची. दुपारी ती खुर्चीत बसल्याजागी कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी, असं सांगितलं. कुणाचाच इलाज नव्हता. हे गिरिधरनं ऊर्मीला पुष्कळ वेळा समजावलं आणि तिनं पुष्कळ वेळा मान डोलावली. तिला विज्ञानात चांगले मार्क आहेत. पण दिवस उरकले, पाहुणे गेले, आणि एका संध्याकाळी ती ओले हात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "बाबा, काही होणार नाही ना?" तो म्हणाला, "काही नाही होत बेटा, मी आहे ना." ती रडायला लागली. "असं नाही. आईसारखं." त्यानं म्हणून पाहिलं. "पुन्हा. नीट." तो सिग्नलच्या तारा जोडणारा माणूस, त्याला गाता येत नाही, नक्कल येत नाही. पण त्या संध्याकाळी तो अंधार पडेपर्यंत ते शिकला, कारण शिकला नसता तर ती पोर नळापासून हलली नसती.

आणि मग त्याला ते आवडायला लागलं. हे त्यानं डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. डॉक्टर नंदिता अडयारला बसत, वयानं त्याच्यापेक्षा बऱ्याच लहान, इंग्रजीतून सुरुवात करून तमिळमध्ये शिरणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी समजावलं होतं की ऊर्मीच्या डोक्यात एक घंटा आहे आणि ती उगाच वाजते. त्याला घंटेपेक्षा सिग्नल जवळचा वाटला. त्याच्या कामात नियमच असा, तार तुटली, शंका आली, काही कळेनासं झालं की सिग्नल आपोआप लाल होतो. चांगला नियम आहे, माणसं वाचतात. पण रूळ मोकळा असून लालच राहिला तर गाडी जन्मभर उभी. डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही दर वेळी ते वाक्य म्हणता तेव्हा तिची भीती तेवढ्यापुरती उतरते, आणि ती हे शिकते की वाक्यामुळेच उतरली. एकदा वाक्याशिवाय उतरू द्या. त्यांनी त्याऐवजी म्हणायला दुसरं काही दिलं. तुला हे कठीण जातंय ते मला दिसतंय, आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे. गिरिधरनं ते मराठीत करून घरी म्हणून पाहिलं. ऊर्मी म्हणाली, "प्लॅटफॉर्म क्रमांक दोनवर येणारी गाडी," आणि दोघेही हसले. पण मग तिनं विचारलं आणि त्यानं जुनंच म्हटलं. ऊर्मी कबूल करायची, डॉक्टरांपुढे खरं बोलायची. तोच खाली बघायचा. कारण आठवड्यापूर्वी एकदा ती अभ्यासाच्या नादात विचारायची विसरली होती, आणि बरं वाटायच्या ऐवजी तो दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन आला होता. काही हवंय का? काही विचारायचंय? त्याच्या घशात ते वाक्य तयार होऊन बसलं होतं आणि कुणी मागत नव्हतं.

गाडीतल्या म्हाताऱ्यांनंतर त्याला झोप लागेना. घरात वाणीचे फोटो होते, साड्या होत्या, तिच्या फोनमध्ये आवाजही असतील, पण तो फोन त्यानं उघडला नव्हता. तिचं जे काही घरात जिवंत होतं, रोज वापरात होतं, ते हे एवढंच. हेही थांबवायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा स्मशानात नेऊन ठेवायचं. आणि थांबवायचं नाही म्हणजे पोरीला त्या नळाशी उभी ठेवायची, आपल्याला ऐकायला मिळावं म्हणून. असा विचार त्यानं यापूर्वी पुरा केला नव्हता.

शनिवारी डॉक्टरांकडे ऊर्मीनं स्वतःच सांगितलं, "उद्या करू. बाबांनी खाली कोथिंबीर आणायला जायचं. मी विचारीन. त्यांनी सांगायचं नाही. आणि फोन घरी ठेवायचा." तिचा आवाज कापत होता. "मी असाच फोन करत राहिले तर पुढच्या वर्षी सहलीला कशी जाणार?" डॉक्टर गिरिधरकडे वळून म्हणाल्या, "सर, घाई करून परत येऊ नका. नेहमी जितका वेळ लागतो तितका लागू द्या. ती तयार आहे. तुम्ही आहात का?" त्यानं मान हलवली. सासूबाईंचा संध्याकाळी फोन आला. "पोरीनें विचारिलें तर उत्तर द्यायचें नाही, हें कुठलें औषध? तुमच्या पुण्याकडचें असेल."

"मी बार्शीचा, आई."

"तेंच की. माझी वाणी असती तर पोरीस असं तोडलें नसतें." मग त्या म्हणाल्या, "तो तांब्या तुमच्याकडेसच आहे की?" आहे, तो म्हणाला. "तो काढून ठेवा. नाहीतर मज देऊन टाका." याहून जास्त त्या कधी बोलणार नव्हत्या, हे त्याला कळलं.

रविवारी चार वाजता त्यानं पिशवी घेतली. फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. ऊर्मी दाराशी आली, हात पाठीमागे बांधलेले, आणि घाईघाईनं म्हणाली, "बाबा, काही होणार नाही ना?" सगळं ठरलेलं होतं. तरी तो प्रश्न ठरलेला वाटला नाही. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. तो चपला घालायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, कारण वर पाहिलं असतं तर वाक्य बाहेर पडलं असतं. "कोथिंबीर घेऊन येतो," तो म्हणाला. "बाबा. एकदाच. हळू म्हणा, कुणाला कळणार नाही." तो बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. जिन्यात तिची हाक आली, मग दारावर तळहात आपटल्याचा आवाज. तो उतरत राहिला.

भाजीची गाडी गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे उभी असायची. रोज तो रस्ता तो न बघता ओलांडत असे. आज फुटपाथच्या कडेला आला आणि थबकला. पाण्याचा टँकर गळत गळत गेला, त्यामागून दोन मोटारसायकली. एकदम त्याच्या मनात आलं, आत्ता मला काही झालं तर. आज, विचारूनही उत्तर न देता निघालो तेव्हा, एखाद्या गाडीनं उडवलं तर. मग जगातला कोणताही डॉक्टर तिला पटवू शकणार नाही. एकदा आईचं, एकदा बापाचं. तिच्या दृष्टीनं सिद्धच होईल. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. रस्ता मोकळा झाला तरी तो उतरला नाही. नीट पाहिलं का? पुन्हा पाहावं. तळहात घामेजले होते. एक म्हातारी छत्री टेकत त्याच्या शेजारून गेली आणि पलीकडे पोचलीसुद्धा. तेव्हा त्याला कळलं की आपण ऊर्मीच्या डोक्यात उभे आहोत. इतके दिवस तो बाहेर उभा राहून दार वाजवत होता, समजूत घालत होता, आणि आत हे असं आहे. पुढचा रस्ता स्वच्छ मोकळा, आणि पाय उचलत नाही. आणि त्याच क्षणी त्याचे ओठ आपोआप हलले. कांही होत नाही गे. कुणासाठी म्हणतोय मी हे? शेवटचा शब्द त्यानं गिळला आणि भीती तशीच छातीत घेऊन रस्त्यात उतरला.

"एन्न सार, मळैक्कु मुन्नाडि ओडि वंदीरा?" भाजीवाली म्हणाली. पावसाच्या आधी धावत आलात वाटतं. आभाळ निरभ्र होतं, ती त्याच्या घामाकडे बघून थट्टा करत होती. त्यानं कोथिंबीर घेतली. घाई करायची नव्हती. वाणी असती तर तिनं जुडी उलटी करून देठ पाहिले असते, आलं घेतलं असतं, भाजीवालीच्या सुनेची चौकशी केली असती. तो बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला. रविवारची दुपार कलत होती, समुद्राकडे जाणारी कुटुंबं स्कूटरवरून चालली होती, पुढे मूल, मध्ये नवरा, मागे गजरा. वर तिसऱ्या मजल्यावर पोर एकटी होती. नळ चालू असेल का? छातीतलं ते तसंच होतं. मग बराच वेळ तसंच राहिलं. मग कधीतरी त्याच्या लक्षात आलं की आपण समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गोधड्या बघतोय. भीती गेली नव्हती, पण जागा करून बाजूला बसली होती, पाहुण्यासारखी. नुसती वाणी हवीशी वाटत होती. कशासाठी नाही. तिनं काही म्हणायला पाहिजे असंही नाही. ती नुसती शेजारी, पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन.

तो वर आला. बेल वाजवली. दार लगेच उघडलं नाही, आणि त्या मधल्या वेळात त्यानं कडीला घट्ट धरून ठेवलं. मग दार उघडलं. ऊर्मीचे डोळे सुजलेले होते, केस विस्कटलेले. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, जसं काही मोजून घेत होती की सगळा परत आला की नाही. "एकदा धुतले," ती म्हणाली. "एकदाच. मग बंद केला नळ. मग दाराला पाठ लावून बसले. खूप घाण वाटलं, बाबा. मला वाटलं मी मरते."

"तुला कठीण गेलं ते मला..."

"अय्यो, प्लीज. अनाउन्समेंट नको."

तो हसला. तीही हसली, नाक पुसत. मग ती जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून, आणि तो तिच्या शेजारी, कोथिंबीर मध्ये ठेवून. तिनं एक काडी काढून तोंडात घातली. न धुता. त्यानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. "एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका. तुम्हाला ते कधी नीट आलंच नाही. आईचा 'की' असा नव्हता. तुम्ही गाणं केलंत त्याचं. मी सरि म्हणायचे, कारण तुम्ही किती वेळ म्हणणार बिचारे."

म्हणजे गाडीत, जिन्यात, घशात जे त्यानं जपून ठेवलं होतं, ते वाणीचं नव्हतंच. "मग कसा होता?" त्यानं विचारलं.

ऊर्मीनं काडी तोंडातून काढली. आणि मग ती सहज म्हणाली, जशी वाणी म्हणायची, कामात असताना, लक्ष दुसरीकडे असताना, "कांही होत नाही गे. मी आहें की." त्यात गाणं नव्हतं. 'की' लांब नव्हताच. तो जवळजवळ पडून जात होता, त्यावर कुणी भर दिलाच नव्हता, कारण ज्याबद्दल शंकाच नाही त्यावर भर कोण देतं. गिरिधरच्या मानेपासून खाली सगळं अंग थांबलं. स्वयंपाकघरात वाणी होती. ओट्याकडे तोंड करून, पदर खोचून, मागे वळून न बघता.

मग ती नव्हती. पंखा फिरत होता. ऊर्मी त्याच्याकडे बघत होती, आपण चूक केली की काय अशा नजरेनं.

पुन्हा, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पुन्हा. एकदाच. हळू म्हण. त्यानं ओठ मिटले आणि तिचं नसणं येऊ दिलं, छातीपर्यंत, डोळ्यांपर्यंत, आणि काही मागितलं नाही. तो ते ओसरायची वाट बघत बसला. ऊर्मीनं आपला कातडी फुटलेल्या सांध्यांचा हात, जमिनीला लागलेला, दाराला लागलेला, त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. जरा वेळानं तो उठला आणि कोथिंबीर निवडायला घेतली.